डायरीत न आलेले तास

एप्रिल २०१४ मध्ये वडाळा लोहमार्ग पोलिसांनी चोरीच्या संशयावरून रे रोड भागातून चार जणांना उचलले. त्यांतला अ‍ॅग्नेलो वाल्दारिस पंचवीस वर्षांचा होता, आणि चौघांपैकी एकाने वयाची अठरा वर्षेही पूर्ण केलेली नव्हती. १८ एप्रिलला अ‍ॅग्नेलोचा मृत्यू झाला. तो ताब्यातून निसटून पळत होता आणि लोकलखाली आला, असे पोलिसांनी सांगितले. वडील लिओनार्ड वाल्दारिस यांना ते पटले नाही. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. कोठडीत मारहाण आणि लैंगिक छळ झाल्याचे आरोप पुढे आले, आणि ते त्या अल्पवयीन मुलाच्या बाबतीतही होते. जूनमध्ये न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. सीबीआयने पोलिसांवर आरोपपत्र दाखल केले, पण त्यात खुनाचे कलम नव्हते. ते लागावे म्हणून वडिलांना पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि पुढची कित्येक वर्षे कोणते कलम लागावे याच वादात गेली. आरोप खरे की खोटे हे खटल्याने ठरवायचे. तो निकाल इथे आधीच देऊन टाकण्याची गरज नाही. ज्यावर वाद नाही तेवढेही पुरेसे आहे. एका अल्पवयीन मुलासह चार जण पोलिसांच्या ताब्यात होते, आणि त्या काळात त्यांच्याशी काय झाले हे पोलिसांच्या कागदपत्रांवरून खात्रीने कळत नव्हते. ते शोधायला उच्च न्यायालयाला दुसरी तपास यंत्रणा नेमावी लागली.

मुलांच्या कोठडीतील छळाबद्दल आपल्याकडे बोलले जाते तेव्हा चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक म्हणते, कायदे कडक हवेत; दुसरी म्हणते, पोलिसांचे प्रबोधन हवे, त्यांच्यात संवेदनशीलता हवी. दोन्ही मागण्या निरुपद्रवी आहेत आणि म्हणूनच कोणतेही सरकार त्या आनंदाने मान्य करते. शिबिरे होतात, फलक लागतात, पोलीस ठाण्याच्या एका कोपऱ्यात भिंतीवर फुगे आणि फुलपाखरे रंगवून ‘बालस्नेही कक्ष’ तयार होतो. माझा मुद्दा वेगळा आहे. कायदा पुरेसा कडक आहे, आणि माणसे सगळीच क्रूर नसतात. मूल पोलिसांच्या हाती लागते तो क्षण आणि त्याची पहिली नोंद होते तो क्षण, यांच्यामधले तास कोणाच्याच हिशेबात नसतात, आणि ते हिशेबात नसण्याची किंमत पोलिसांना मोजावी लागत नाही. उलट नोंद नसली की फायदाच होतो: अटक कधी झाली, वय काय सांगितले होते, अंगावरची जखम आधीची की नंतरची, या प्रत्येक प्रश्नावर संशय उभा राहतो आणि संशयाचा फायदा आरोपी पोलिसाला मिळतो. जोवर ठाण्याच्या कोऱ्या डायरीचा फायदा कोरी ठेवणाऱ्याला मिळतो आहे, तोवर फुलपाखरांचा उपयोग नाही.

आधी कायदा काय सांगतो ते नीट पाहायला हवे, कारण तो वाचला की रे रोडच्या प्रकरणाचे गांभीर्य आणखी वाढते. २०१४ साली बाल न्याय कायदा २००० सालचा होता. त्याच्या दहाव्या कलमानुसार विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात येताच त्याला विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचे आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करायचे. कोणत्याही परिस्थितीत त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, हे २००६ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट शब्दांत घातले होते. २०१५ च्या कायद्याने हीच चौकट कायम ठेवून आणखी घट्ट केली. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बालकल्याण पोलीस अधिकारी हवा, जिल्ह्याच्या विशेष पथकात दोन समाजसेवक हवेत आणि त्यांतली एक महिला हवी. लोहमार्ग पोलीसही या पथकाचा भाग आहेत, असे कलम १०७ मध्ये मुद्दाम म्हटले आहे. रुळांच्या कडेला वाढणारी मुले सर्वांत आधी कोणाच्या हाती लागतात, याची कायदा करणाऱ्यांना जाणीव होती एवढे तरी त्यातून दिसते. २०१६ चे नियम तर इतके बारीक आहेत की ते वाचताना आपण दुसऱ्याच देशाबद्दल वाचतो आहोत असे वाटावे. मुलाला बेडी घालायची नाही, बळ वापरायचे नाही, गुन्हा कबूल करायला लावायचे नाही, कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, त्याच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात असायचे नाही. आई-वडिलांना आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि प्रौढांबरोबर मिळून केलेलाही नसेल, तर एफआयआरही नोंदवायचा नाही. दैनंदिनीत नोंद करून मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल लिहायचा. त्याशिवाय १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू आहे, आणि त्यात पोलिसाने आपल्या ठाण्याच्या हद्दीत किंवा कर्तव्यावर असताना केलेला लैंगिक अत्याचार हा सामान्य लैंगिक अत्याचारापेक्षा गंभीर गुन्हा मानला आहे. रे रोडची घटना घडली तेव्हा या कायद्याला दीड वर्षही झाले नव्हते.

म्हणजे कायद्यात भोक कुठे आहे? ते एका गृहीतकात आहे. या साऱ्या तरतुदी मूल मूल म्हणून ओळखले गेल्यावर सुरू होतात. ते ओळखणे पोलिसाच्या हातात आहे. डायरीत वय एकोणीस लिहिले की बालकल्याण अधिकारी, मंडळ, समाजसेवक, विधी सेवा प्राधिकरण हे सगळे एका फटक्यात दूर होतात, आणि समोर उरतो एक ‘सराईत’. वय ठरवण्याचा क्रम कायद्यात आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. क्रम अचूक आहे, फक्त तो मंडळापुढे किंवा न्यायालयापुढे वापरायचा आहे. पहिल्या रात्री ठाण्यात कोणी दाखला मागत नाही. शिवाय दाखला असणे हीसुद्धा सर्वांना मिळालेली गोष्ट नाही. रे रोड स्थानकापासून थोड्या अंतरावर, दारूखान्याच्या पलीकडे, बंदराच्या जमिनीवर कौला बंदर ही वस्ती आहे. जमीन केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या बंदर प्राधिकरणाची, त्यामुळे वस्ती अधिसूचित नाही. पालिकेचे पाणीही तिथे रीतसर पोहोचलेले नव्हते, लोक खासगी विक्रेत्यांकडून पाणी विकत घेत आले. जिथे घरालाच नंबर नाही तिथे मुलाच्या जन्माची नोंद आईच्या गावी झाली, शाळा मध्येच सुटली, पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीतले कागद भिजले, हे नेहमीचे आहे. या मुलांना वय सिद्ध करायला वेळ लागतो, आणि मार खायला वेळ लागत नाही.

मार कशासाठी असतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पोलीस चिडतात म्हणून मारतात, हे उत्तर फार अपुरे आहे. त्यामागे एक व्यवहार आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातच ठरले. गोऱ्या साहेबाचाही आपल्या देशी पोलिसावर एवढाच विश्वास होता. पण त्याच कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली: आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात चालतो. जुन्या कायद्याचे हे सत्ताविसावे कलम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेविसाव्या कलमाच्या पोटात तसेच आले आहे. चोरीच्या गुन्ह्यात तक्रारदाराला साखळी परत हवी असते, वरिष्ठांना ‘रिकव्हरी’ हवी असते, पत्रकार परिषदेत टेबलावर मांडायला मुद्देमाल हवा असतो. बोटांचे ठसे, चित्रीकरण, चोरीचा माल घेणाऱ्या सराफाचा माग ही वाट लांबची आहे आणि तिच्यासाठी लागणारी साधने ठाण्यात नसतात. जवळची वाट माणसाच्या तळपायावरून जाते. मूल त्यात जास्त उपयोगी पडते, कारण ते लवकर बोलते, आणि बोलायला काही नसेल तर दुसऱ्या कोणाचे तरी नाव सांगते. आपल्या देशात कोठडीत मरणारी माणसे बहुधा मोठे दरोडेखोर नसतात. मोबाईल, साखळी, सायकल अशा चोऱ्यांच्या संशयात आणलेले गरीब असतात, ते याच कारणाने. त्यात पारध्यांसारख्या जमातींच्या मुलांवर संशय जन्मापासूनच असतो. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलिसांच्या सवयीतून तो कोणी रद्द केला नाही.

यात समाजाचा हिस्सा मोठा आहे. मराठी वर्तमानपत्रांत गेली कित्येक दशके एक वाक्य छापून येते: पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली. ज्या कृत्याला कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे ते बातमीत कौतुकाने नोंदवले जाते, बातमीदाराला ते खटकत नाही, संपादकाला नाही, आणि सकाळी चहाबरोबर वाचणाऱ्यालाही नाही. आपल्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षकाने छडी मारली तर आपण शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम दाखवत शाळेत जातो, आणि जायलाही हवे. त्याच वयाचे दुसरे मूल ठाण्यात असते तेव्हा चौदाव्या रत्नाची आठवण होऊन आपल्याला हायसे वाटते. हा फरक मुलाच्या वयामुळे पडत नाही, त्याच्या पत्त्यामुळे पडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुबळा नाही. म्हणतात, आजची मुले पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. टोळ्या मुद्दाम अल्पवयीन पोरांना पुढे करतात, कारण मुलांना शिक्षा होत नाही हे टोळ्यांना ठाऊक असते. मुले वापरली जातात हे खरेच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मारणाऱ्यांना हवा तो निघत नाही. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतरच्या संतापातून २०१५ चा कायदा आला, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर मंडळाला त्याच्या समजशक्तीची प्राथमिक तपासणी करून त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला पाठवता येते, अशी सोय त्यात झाली. ही सोय योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत; मला ती अयोग्य वाटते. पण ती आहे. म्हणजे शिक्षा होत नाही ही तक्रार कायद्याने ऐकली आणि उत्तरही दिले. लोकांच्या मनातला राग मात्र खटल्यानंतरच्या शिक्षेने शमत नाही, त्याला खटल्याआधीची शिक्षा हवी असते, आणि ती देण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही. टोळी मुलाला वापरते हे मान्य केले, तर ते मूल आधी त्या टोळीचा बळी ठरते. त्याला ठाण्यात फोडून काढल्याने टोळीचे काय बिघडते, हे आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. टोळीला उलट एक तयार माणूस मिळतो.

पुण्याच्या कल्याणीनगरची आठवण इथे होणारच. १९ मे २०२४ च्या पहाटे महागड्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, आणि बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. सारा महाराष्ट्र खवळला, ते समजण्यासारखे होते. नंतर त्याला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले, आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. निकाल अनेकांना बोचला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. गुन्हा कितीही गंभीर असो, मुलाला मूल म्हणूनच वागवायचे, असे कायदा म्हणतो आणि न्यायालयाने तेच म्हटले. बोचायला हवी होती दुसरी गोष्ट. तो कायदा चालतो, त्याची सगळी कलमे चालतात, मुलाचे वय पहिल्या तासात मान्य होते, वकील पोहोचतो, नातेवाईक बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करतात आणि महिन्याभरात निकाल मिळतो, हे सगळे त्या प्रकरणाने सिद्ध केले. तेव्हा बाल न्याय कायदा अव्यवहार्य आहे, पोलीस ठाण्यात तो पाळताच येत नाही, हा युक्तिवाद संपला. तो पाळता येतो, पाळायला लावणारा माणूस दाराशी उभा असेल तर. रे रोडच्या मुलाच्या दाराशी असा माणूस पहिल्या रात्री येत नाही. म्हणून कायद्याने असे काही करायला हवे की बाहेर कोणी उभे नसले तरी आतल्या माणसाला नोंद करणे सोयीचे आणि न करणे महागाचे वाटावे.

असा कायदा करता येतो का? महाराष्ट्रातल्याच एका जुन्या प्रकरणाने तो करायला लावला होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, तक्रारीच्या निमित्ताने आलेल्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिचे वय वैद्यकीय अंदाजाने चौदा ते सोळा होते. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून संमती असावी असा त्या निकालाचा रोख होता. त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते ते हे मथुरा प्रकरण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४-अ कलम आले: ताब्यातल्या स्त्रीवर पोलिसाने संभोग केल्याचे सिद्ध झाले आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरायचे. यामागचे तत्त्व साधे आहे. खोलीचे दार ज्याच्या हातात, आत काय घडले हे सांगण्याची जबाबदारीही त्याची. देसाईगंजची मुलगी अल्पवयीन होती ही बाब मात्र या साऱ्या चर्चेत मागे पडली. वाद संमतीचा झाला, आणि बालकाला रात्री ठाण्यात ठेवलेच कसे हा प्रश्न कोणी तेवढ्या आवाजात विचारला नाही.

हेच तत्त्व मारहाणीला लावावे असे विधी आयोगाने १९८५ मध्ये, आपल्या एकशे तेराव्या अहवालात, सुचवले. पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाला जखम झाली असेल, तर ती ताबा असलेल्या अधिकाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, यासाठी ११४-ब असे कलम घालावे, अशी ती शिफारस होती. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात त्या शिफारशीकडे सरकारचे लक्ष वेधले. २०१७ मध्ये विधी आयोगाने दोनशे त्र्याहत्तराव्या अहवालात ती पुन्हा मांडली. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. २०१० मध्ये छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे बारगळले. २०२३ मध्ये पुरावा कायदा मुळापासून नव्याने लिहिला गेला, वसाहतकालीन खुणा पुसायच्या म्हणून त्याचा मोठा गाजावाजाही झाला. त्यात ११४-ब नाही. चाळीस वर्षे एक कलम दारात ताटकळत उभे आहे, आणि दार उघडायला कोणत्याच पक्षाच्या सरकारला सवड मिळालेली नाही.

यावर पोलिसांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, असे गृहीतक आले तर कोणीही भुरटा चोर भिंतीवर डोके आपटून घेईल आणि अधिकारी आयुष्यभर कोर्टाच्या खेपा घालत बसेल. ही भीती अगदीच काल्पनिक नाही. पण गृहीतक म्हणजे निकाल नव्हे, ते पुराव्याने खोडता येते, आणि पुरावा तयार करण्याची सगळी साधने पोलिसांच्याच हातात असतात. आणल्याची वेळ लिहिलेली आहे, आणताक्षणी डॉक्टरांनी तपासले आहे, आई-वडिलांना कळवल्याची नोंद आहे, कॅमेऱ्याचे चित्रीकरण आहे, एवढे असेल तर खोटी तक्रार पाच मिनिटे टिकणार नाही. यांतले काहीही नव्याने मागितलेले नाही. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी हे डी. के. बसू खटल्याने १९९६ सालीच सक्तीचे केले. कॅमेऱ्यांची तर कथाच आहे. राज्यातल्या पोलीस ठाण्यांत ते बसवावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ सालीच, वाल्दारिस यांच्याच याचिकेवर, दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी तसा आदेश डिसेंबर २०२० मध्ये दिला. मध्ये सहा वर्षे गेली. कॅमेरा बसला तरी नेमक्या त्या रात्री तो बंद असतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचे आश्चर्यही वाटेनासे झाले. म्हणूनच यंत्रापेक्षा गृहीतक महत्त्वाचे. चित्रीकरण नाही याचा अर्थ न्यायालय पोलिसाविरुद्ध लावणार असेल, तर कॅमेरा चालू राहील याची काळजी ठाणे अंमलदार स्वतःच घेईल.

कामाच्या बोजाचा आक्षेप मला अधिक प्रामाणिक वाटतो. बारा-बारा तासांची ड्युटी, बंदोबस्त, सण, मंत्र्यांचे दौरे, नायगावच्या वसाहतीतली गळकी खोली. शिपायाचे आयुष्य सुखाचे नाही. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा ती मोठी बातमी ठरली, यातच सारे आले. पण या आक्षेपात एक गोंधळ आहे. नोंद करायला दहा मिनिटे लागतात, मारायला रात्र लागते. मनुष्यबळ कमी आहे म्हणून तपास रखडतो हे समजते. मनुष्यबळ कमी आहे म्हणून चार माणसे मिळून एका मुलाला मारतात, हे गणित कसे मांडायचे? बालकल्याण अधिकाऱ्याचे पद मात्र खरोखरच या बोजाखाली चिरडले गेले आहे. तो ठाण्यातलाच एक अधिकारी असतो, त्याच वरिष्ठाच्या हाताखाली, त्याच गुन्हे प्रकटीकरण पथकाच्या शेजारच्या टेबलावर, आणि मुलांचे काम हे त्याचे अनेक कामांतले एक असते. आपल्या सहकाऱ्याने आणलेल्या मुलाची नोंद त्याने सहकाऱ्याच्या मर्जीविरुद्ध करावी, अशी अपेक्षा आपण धरतो. ती धरायचीच तर त्याच्यावर ठाण्याबाहेरच्या कोणाचा तरी हात हवा.

तो बाहेरचा कोणी म्हणजे बाल न्याय मंडळ. मुंबईला या कामाचा वारसा कमी नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून आहे, बॉम्बे चिल्ड्रन अ‍ॅक्ट १९२४ चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. आगरकर आणि टिळक यांनी १८८२ मध्ये एकशे एक दिवस काढले ते डोंगरीच्या तुरुंगात, आणि त्या जुन्या तुरुंगाच्या आवारात आज मुलांचे निरीक्षणगृह आहे; राज्याने तुरुंग रिकामा करून मुलांना दिला याला सुधारणा म्हणायचे की आणखी काही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मंडळाला कायद्याने दिलेले अधिकार मोठे आहेत. ताब्यातल्या मुलाविरुद्ध गुन्हा घडला अशी तक्रार आली, तर एफआयआर नोंदवण्याचा आदेश ते पोलिसांना देऊ शकते. प्रौढांच्या तुरुंगात कोणी मूल तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्याने नियमित भेटी द्यायच्या आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की मंडळांनी मूक प्रेक्षक बनून राहायचे नाही, मूल पोलीस कोठडीत ठेवल्याचे कळले तर तातडीने हस्तक्षेप करायचा. पण कायद्यातली भेट तुरुंगाची आहे, पोलीस ठाण्याची नाही. आणि मारहाण तुरुंगात जाण्याआधीच उरकलेली असते. मंडळापुढे मूल येते तेव्हा त्याला तिथे घेऊन येणारा बहुतेक वेळा त्याच ठाण्याचा माणूस असतो. त्याच्यादेखत ‘तुला कोणी मारले का’ असे विचारले तर उत्तर काय येणार? मंडळाने पोलिसाला बाहेर बसवून, मुलाशी समाजसेवकासमक्ष बोलून, ताब्यात घेतल्याची वेळ मुलाने कोणती सांगितली आणि डायरीत कोणती आहे, या दोन्ही वेळा आपल्या आदेशात लिहिल्या, तरी अर्धे काम होईल. दोन वेळांत दहा तासांचा फरक पडला तर त्या दहा तासांचे उत्तर ठाण्याने द्यायचे. याला नवा कायदा लागत नाही, नवे पद लागत नाही, पैसा लागत नाही.

गृहीतकाच्या कलमाला मात्र कायदा लागेल, आणि तो दिल्लीनेच करावा असे नाही. पुरावा आणि फौजदारी कायदा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूदही राष्ट्रपतींची संमती मिळाली तर राज्यात लागू होते. महाराष्ट्राने हा रस्ता वापरून पाहिला आहे. १९९९ च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालेल अशी तरतूद आपल्या विधिमंडळाने केली, म्हणजे १८७२ पासून चालत आलेला नियम पोलिसांच्या बाजूने मोडला, आणि त्याला दिल्लीहून संमतीही आणली. संघटित गुन्हेगारी ही अपवादात्मक परिस्थिती आहे, असे तेव्हा सभागृहात सांगितले गेले आणि सभागृहाला ते पटले. बंद दाराआड, नोंदीशिवाय, पोलिसांच्या ताब्यात असलेले मूल ही तितकीच अपवादात्मक परिस्थिती आहे की नाही, यावर विधानसभेत मतदान घेता येईल. प्रौढांसाठी कलम आणणे राजकीयदृष्ट्या अवघड असेल तर सुरुवात अठरा वर्षांखालच्यांपासून करावी: मुलाच्या अंगावरची जखम ताब्यातली मानावी, आणि डायरीत नसलेला प्रत्येक तास पोलिसांविरुद्ध धरावा. गृहखाते ज्यांच्याकडे असेल त्यांनी हे विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडावे, आणि विरोध करायचा असेल त्यांनी तो सभागृहात उभे राहून, नाव नोंदवून करावा.